जुने संगणकीय खेळ आणि नवी यंत्रे

शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक आज कपाटातून काढले, त्यावरील धूळ झटकली आणि उघडले, की ते वाचता येते. कागद पिवळा पडलेला असेल, कडा झडलेल्या असतील, शुद्धलेखन आजच्याहून निराळे असेल. पण डोळे आणि उजेड यांखेरीज त्यास दुसरे काही लागत नाही. संगणकावरील खेळाचे तसे नाही. तीस वर्षांपूर्वीचा एखादा खेळ, त्याच्या फाइलीतील एक अक्षरही बदललेले नसताना, आजच्या यंत्रावर मुळी सुरूच होत नाही. किंवा सुरू होतो तो अशा वेगाने की, खेळणाऱ्याचे बोट बटणावर पडण्यापूर्वीच खेळ आटोपलेला असतो. फाइल तीच, आज्ञा त्याच. मग बिघडते ते काय? या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

हा विषय निव्वळ करमणुकीचा आहे, असे कोणी समजू नये. ज्यांचे शालेय शिक्षण १९९५ ते २००५ या काळात झाले, त्यांपैकी पुष्कळांची संगणकाशी खरी ओळख पाठ्यपुस्तकाने झालेली नाही. ती झाली संगणक-कक्षात, तासाच्या उरलेल्या चार-दोन मिनिटांत, जॉन रोमेरो यांच्या 'डेंजरस डेव्ह'ने किंवा जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने. विद्यार्थिमित्रांनी आपल्या आई-वडिलांना, मामा-काकांना ही दोन नावे विचारून पाहावीत. बहुधा उत्तराबरोबर थोडे हसूही मिळेल. ती मंडळी तेच खेळ आपल्या मुलांस दाखवू इच्छितात, तेव्हा मात्र पडद्यावर एक रुक्ष नकार उमटतो. त्या नकाराचे कारण असे की, खेळ फाइलीत अर्धाच असतो. उरलेला अर्धा, ज्या यंत्रासाठी तो लिहिला गेला त्या यंत्राच्या सवयींत असतो. आणि यंत्र बदलले की तो अर्धा भाग नाहीसा होतो.

संगणकाचे यंत्र व त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली असते, तीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेली डॉस ही अशीच एक होय. परंतु तिचा कारभार फार सैल होता. वाड्याच्या मालकाने किल्ल्यांचा जुडगाच भाडेकरूच्या हाती द्यावा आणि आपण गावाला निघून जावे, तशातला तो प्रकार. खेळ एकदा सुरू झाला की स्मृती, पडदा, ध्वनी, घड्याळ, सारे काही त्याच्या स्वाधीन असे.

पडद्याचेच उदाहरण घेऊ. १९८७ साली आलेल्या व्हीजीए या चित्रपद्धतीत ३२० ठिपक्यांच्या २०० ओळी आणि २५६ रंग अशी एक रचना होती. प्रत्येक ठिपक्यास एक बाइट, म्हणजे सबंध चित्रास ६४,००० बाइट लागत. त्या काळचा प्रोसेसर स्मृतीचा एका वेळी ६५,५३६ बाइटांचा तुकडा सहज हाताळू शके. तेव्हा अख्खे चित्र एका तुकड्यात मावे. खेळ लिहिणारा मनुष्य त्या तुकड्यातील हव्या त्या जागी रंगाचा क्रमांक ठेवून देई, आणि तत्क्षणी पडद्यावर ठिपका उमटे. कोणाला विचारणे नाही, कोणाची परवानगी नाही. ध्वनीचीही हीच कथा. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीचे 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड १९८९ साली आले, आणि पुढे बहुतेक खेळ त्याच्याशी थेट बोलू लागले. ते कार्ड कोणत्या पत्त्यावर आहे, त्याची हाक कोणत्या तारेवरून येते, हे खेळणाऱ्याने आधी सांगावे लागे. २२० हा पत्ता आणि ५ किंवा ७ हा हाकेचा क्रमांक, याचा अर्थ न कळताही त्या काळच्या मुलांना तो पाढ्यासारखा पाठ असे.

आता वेगाकडे वळू. आमच्या मते या विषयातील सर्वांत मनोरंजक भाग हाच आहे.

आयबीएमच्या पहिल्या वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला ४७ लाख ७० हजार होते. कित्येक खेळ लिहिणाऱ्यांनी वेळ मोजण्यासाठी घड्याळ वापरलेच नाही. 'अमुक हजारपर्यंत अंक मोज आणि मग शत्रूस एक पाऊल पुढे टाकू दे', अशी आज्ञा ते देत. त्या यंत्रावर अंक मोजण्यास जेवढा वेळ लागे, तेवढा शत्रू थांबे. यंत्र दसपट वेगवान झाले की शत्रूही दसपट वेगाने धावू लागला! यावर उपाय म्हणून पुढील यंत्रांवर एक बटण बसविण्यात आले. त्याच्या साहाय्याने यंत्राची गती मुद्दाम कमी करता येई. त्या बटणास 'टर्बो' असे नाव होते. ज्याचा मुख्य उपयोग मंद करण्यासाठी, त्याला वेगाचे नाव देण्याची ही विक्रेत्यांची चतुराई म्हणावी लागेल.

काही लेखक अधिक सावध होते; त्यांनी यंत्राचा वेग आधी मोजून घेण्याची व्यवस्था केली. पण त्या सावधपणातूनच एक विलक्षण अपघात घडला. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्यांत, विराम साधण्याचे काम करणारा एक तयार भाग जोडलेला असे. तो आरंभीच यंत्राची परीक्षा घेई. संगणकातील घड्याळाचा एक टोला सुमारे ५५ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात मोजणीच्या किती फेऱ्या होतात हे पाहावयाचे, त्या संख्येस ५५ ने भागावयाचे, म्हणजे एका मिलिसेकंदातील फेऱ्या मिळाल्या. गणित निर्दोष आहे. मात्र हा भागाकार ठेवण्यास १६ बिटांची जागा दिलेली होती, आणि १६ बिटांत मोठ्यात मोठी संख्या मावते ती ६५,५३५. वाचकांनी ६५,५३५ गुणिले ५५ करून पाहावे. सुमारे ३६ लाख येतात. म्हणजे एका टोल्यात ३६ लाखांहून थोड्या अधिक फेऱ्या करणारे यंत्र ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी हा भागाकार आपल्या जागेत मावणार नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तशी यंत्रे निघाली. भागाकार मावला नाही, तर त्या जातीचा प्रोसेसर शून्याने भागल्यावर जी तक्रार करतो तीच तक्रार करतो. परिणामी चांगल्या चालणाऱ्या आज्ञावल्या सुरू होताक्षणीच 'रनटाइम एरर २००', म्हणजे 'शून्याने भागाकार', असे सांगून बंद पडू लागल्या. शून्य कोठेच नव्हते; यंत्र अपेक्षेपेक्षा वेगवान होते, एवढाच काय तो दोष.

ज्यांच्या घरी विंडोज एक्सपी होती, त्यांना 'स्पेस कॅडेट' हा चेंडू उडविण्याचा पिनबॉल खेळ आठवत असेल. तो विंडोजबरोबरच येई. तो चित्रे काढी ती यंत्राला जितक्या वेगाने साधेल तितक्या वेगाने. जलद यंत्रांवर तो प्रोसेसरची सगळी शक्ती एकटाच खाऊन टाकू लागला, म्हणून सेकंदाला शंभर चित्रांहून अधिक काढू नयेत असा निर्बंध त्यावर घालावा लागला. हे काम मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन या अभियंत्याने केले. पुढे सारी प्रणाली ६४ बिटांवर नेताना याच खेळात चेंडू अडथळ्यांतून आरपार जाऊ लागला. मूळ आज्ञावली बाहेरच्या लोकांनी लिहिलेली, तिच्यात टिपा जवळजवळ नाहीत, आणि हाती लाखो ओळींचे दुसरे काम, दोष सापडेना. अखेर २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामधून हा खेळच वगळण्यात आला. चेन यांनी २०१२ साली ही हकीकत स्वतःच लिहिली आहे.

वेगाखालोखाल अडचण येते ती पहाऱ्याची. विंडोज ९५ मध्ये डॉसचे जुने घर बरेचसे शाबूत होते. २००१ सालच्या विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी जी नवी बांधणी आली, तिच्यात कोणत्याही आज्ञावलीस यंत्राला थेट हात लावता येत नाही. जे हवे ते कारभाऱ्यामार्फत मागावे लागते. हे योग्यच झाले, कारण एका आज्ञावलीच्या चुकीने सगळे यंत्र कोलमडण्याचे प्रकार त्यामुळे पुष्कळ कमी झाले. जुन्या खेळांना मात्र हे मानवले नाही. त्यानंतर ६४ बिटांचे प्रोसेसर आले. ते आपल्या पूर्ण ६४ बिटांच्या अवस्थेत चालत असताना, जुन्या प्रोसेसरचे सोंग घेण्याची जी सोय आधीच्या पिढीत होती, ती उपलब्ध नसते. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसच्या व १६ बिटांच्या आज्ञावल्या चालविण्याची व्यवस्थाच ठेवलेली नाही. आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची आहे. यातून एक गमतीची स्थिती उद्भवते. १९९० नंतरच्या दशकातील काही खेळ स्वतः ३२ बिटांचे असून आजही चालू शकतील. परंतु सीडीवरून ते यंत्रात उतरविणारी छोटी आज्ञावली १६ बिटांची असल्यामुळे ते आतच येऊ शकत नाहीत. नवरदेव तयार, पण मांडवाचे दारच उघडत नाही!

दोष नेहमी नव्या प्रणालीचाच असतो असेही नाही. विल राइट यांच्या 'सिमसिटी' या नगररचनेच्या खेळाच्या विंडोज आवृत्तीत एक चूक होती. वापरून परत केलेली स्मृतीची जागा तो खेळ पुन्हा वाचीत असे. जुन्या विंडोजमध्ये परत केलेली जागा लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसे, म्हणून चूक खपून गेली. विंडोज ९५ मध्ये ती खपेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी काय करावे? त्यांनी आपल्या प्रणालीतच एक खास तरतूद केली की, 'सिमसिटी' चालू असल्यास स्मृतीचा कारभार निराळ्या रीतीने पाहावा, परत आलेली जागा तत्काळ वापरू नये. ही गोष्ट जोएल स्पोल्स्की यांनी २००४ सालच्या एका लेखात सांगितली आहे. चुकीच्या आज्ञावलीचे असे लाड करावेत काय, असा प्रश्न शिस्तप्रिय वाचक विचारतील. आमचे मत असे की, केले ते ठीकच केले. पैसे मोजून खेळ आणणाऱ्या कुटुंबाला स्मृतीचे नियम ठाऊक नसतात. काल चालणारी वस्तू आज बंद पडली, एवढेच त्याला दिसते.

रंगांचा घोटाळा याहून निराळा. १९९९ सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स २' या खेळात गवत व पाणी यांच्या जागी भलतेच भडक रंग दिसू लागल्याचा अनुभव विंडोज व्हिस्टा व ७ वापरणाऱ्या अनेकांनी घेतला. २५६ रंगांच्या पद्धतीत चित्रामध्ये प्रत्यक्ष रंग साठविलेला नसतो, फक्त क्रमांक असतो; अमुक क्रमांक म्हणजे अमुक रंग हे सांगणारा तक्ता वेगळा असतो. खेळ चालू असताना विंडोजचा पडदा सांभाळणारा भाग त्या तक्त्यात ढवळाढवळ करी, म्हणून हिरव्याचे जांभळे होई. लोक तो भाग तात्पुरता बंद करून खेळ सुरू करीत आणि खेळून झाल्यावर पुन्हा चालू करीत. आपल्या मराठीलाही हा अनुभव नवा नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी जुन्या फॉन्टांत टंकलेले कित्येक मराठी लेख आज उघडले असता रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. तेथेही साठविलेला असतो तो क्रमांकच. अमुक क्रमांक म्हणजे 'क' की 'ळ', हे त्या जुन्या फॉन्टालाच ठाऊक.

तर मग उपाय कोणता? मोडीतील दफ्तर वाचावयाचे असेल तर दोन मार्ग असतात. मोडी जाणणारा मनुष्य शेजारी बसवावा, नाही तर सबंध कागद बाळबोधीत उतरून काढावा. खेळांच्या बाबतीतही असेच दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे २००२ पासून उपलब्ध असलेली 'डॉसबॉक्स' ही विनामूल्य आज्ञावली. ती नव्या संगणकाच्या आत एक संपूर्ण जुना संगणक उभा करते; त्यात जुना प्रोसेसर असतो, व्हीजीएचा पडदा असतो, साउंड ब्लास्टर असते, सारे काही केवळ आज्ञांनी बनविलेले. खेळ २२० या पत्त्यावर हाक मारतो आणि त्याला नेहमीसारखे उत्तर मिळते. आपण तीस वर्षे पुढे आलो आहोत, हे त्या बिचाऱ्याला कळतही नाही. वापरण्याची रीत सोपी आहे. खेळाच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. डॉसबॉक्स उघडून 'माउंट' या आज्ञेने तो फोल्डर म्हणजेच सी ड्राइव्ह असे तिला सांगावे. मग सी ड्राइव्हवर जाऊन खेळाच्या मुख्य फाइलीचे नाव टंकावे. वेग अधिक वाटल्यास कंट्रोल धरून एफ ११ दाबावे, कमी वाटल्यास एफ १२. येथे जो आकडा बदलतो त्यास 'सायकल्स' म्हणतात. दर मिलिसेकंदास किती आज्ञा पार पाडाव्यात याचे ते माप आहे. साध्या जुन्या खेळांसाठी ३००० पासून आरंभ करावा. हा आकडा हळूहळू वाढवीत नेला असता एकच खेळ रांगू लागतो, चालू लागतो, धावू लागतो आणि शेवटी आवाक्याबाहेर जातो. यंत्राचा वेग म्हणजे काय, हे समजण्यास आम्हांस याहून चांगला प्रयोग ठाऊक नाही.

१९९३ साली सुरू झालेला 'वाइन' हा प्रकल्प याच मार्गाचा, पण थोडा वेगळा. तो जुने यंत्र उभे करीत नाही. विंडोजच्या आज्ञावलीची प्रत्येक मागणी लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीच्या भाषेत सांगतो. त्याचे काम दुभाष्याचे आहे. २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने त्याच्याच पायावर 'प्रोटॉन' तयार केले.

दुसरा मार्ग बाळबोधीत उतरविण्याचा. त्याला मूळ आज्ञांचा मजकूर हाती असावा लागतो, किंवा तो परिश्रमाने हुडकून काढावा लागतो. 'डूम' हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये निघाला आणि १९९७ च्या डिसेंबरात इड सॉफ्टवेअरने त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला केला. त्यातून ध्वनीचा भाग तेवढा वगळावा लागला, कारण तो दुसऱ्याच्या मालकीचा होता. लोकांनी तो आपला आपण लिहून काढला. आज ज्या यंत्राला पडदा आहे त्यावर 'डूम' चालवून दाखविणे हा जगभरच्या हौशी मंडळींचा छंदच होऊन बसला आहे. २००१ साली सुरू झालेल्या 'स्कमव्हीएम'ने आणखी एक युक्ती केली. 'मंकी आयलंड'सारख्या कथाखेळांत कथानक एका फाइलीत आणि ते चालविणारी आज्ञावली दुसऱ्या फाइलीत असे. या मंडळींनी चालविणारी तेवढी नवी लिहिली. कथानक मुळाबरहुकूम राहिले.

येथपर्यंत अडचणी यंत्राच्या होत्या. पुढच्या मनुष्यांच्या आहेत. नक्कल रोखण्यासाठी कित्येक सीडींवर 'सेफडिस्क' नावाचे कुलूप बसविलेले असे. त्या कुलपाचा एक भाग प्रणालीच्या अगदी आतल्या, सर्वाधिक विश्वासाच्या दालनात राहत असे, आणि त्यात सुरक्षेचा दोष आढळलेला होता. २०१५ सालच्या विंडोज १० ने त्यास प्रवेश नाकारला. निर्णय रास्त होता. पण परिणाम असा की, रीतसर विकत घेतलेली सीडी आपल्या मालकालाच ओळखीनाशी झाली. कायद्याचेही भान ठेवले पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते, आणि साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जुना झाला म्हणून खेळ सर्वांचा होत नाही. मात्र आपल्या रीतसर मालकीच्या आज्ञावलीची, ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी, एक सुरक्षित प्रत काढून ठेवण्याची मुभा तोच कायदा देतो. काही जुने खेळ आजही विकत मिळतात; पोलंडमध्ये २००८ साली याच हेतूने एक विक्रीकेंद्र निघाले, आणि त्याचे बरेच खेळ डॉसबॉक्ससहच येतात. परंतु अशा भाग्यवान खेळांचे प्रमाण थोडे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी शंभरात ८७ आज बाजारात मिळत नाहीत.

आणि फ्लॉपी थांबून राहत नाही. तिच्यावरील चुंबकीय लेप वर्षागणिक क्षीण होतो, बुरशी धरतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा अॅपल २ या संगणकासाठी लिहिलेला मूळ मजकूर मेकनर यांना अनेक वर्षे सापडत नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना कपाटाच्या मागील बाजूस एका खोक्यात त्या फ्लॉप्या आढळल्या. त्या वाचण्यासाठी जाणकार माणसे जुनी यंत्रे घेऊन आली, मजकूर सुखरूप निघाला, आणि मेकनर यांनी तो सर्वांस पाहण्यास खुला केला. ज्यांच्या माळ्यावर अशी खोकी असतील त्यांनी ती याच सुट्टीत खाली काढावीत. यूएसबीला जोडावयाचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो; आधी संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा उतरवून घ्यावी, आणि मगच आतील फाइली उघडण्याच्या मागे लागावे.

खोक्यात खेळाबरोबरची छापील पुस्तिका असेल तर तीही रद्दीत घालू नये. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या डॉस आवृत्तीत पहिला टप्पा ओलांडला की राजपुत्र अनेक कुप्या मांडलेल्या दालनात येऊन पोचतो. पुस्तिकेच्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीवर असेल ती प्यावी, अशी तेथे आज्ञा होते. डॉसबॉक्स जुने यंत्र उभे करील, वेग आवरील, आवाजही देईल. ते अक्षर मात्र त्या पुस्तिकेतच पाहावे लागते.